विमान खरंच इतकं खाली येतं का?

'थांब जरा, विमान जाऊ दे.' कुर्ला, असल्फा, घाटकोपर, जरीमरी इथल्या घरांत फोनवर बोलताना हे वाक्य इतक्या सवयीनं तोंडात येतं की पलीकडच्यालाही त्याचं काही वाटत नाही. विमान जातं आणि अर्धवट राहिलेलं बोलणं पुढं सुरू होतं. विमानांविषयीच्या समजुतीही या वस्त्यांत अशाच मुरलेल्या आहेत. त्या एकेक करून तपासायला घेतल्या की एक गंमत दिसते. ज्या गोष्टींची लोकांना धास्ती वाटते, त्यांतल्या बऱ्याचशा तेवढ्या धोक्याच्या नाहीत. आणि जिला 'चालायचंच' म्हणून सोडून दिलेलं असतं, ती मात्र खरोखर जिवाशी येणारी आहे.

सुरुवात उंचीपासून करू, कारण सगळ्यात जास्त ऐकू येणारी तक्रार तीच: 'हे पायलट हल्ली मुद्दाम खालून आणतात.' उतरणारं विमान साधारण ३ अंशांच्या उतारानं येतं, म्हणजे दर किलोमीटरला सुमारे ५२ मीटर खाली. धावपट्टीचं टोक ओलांडताना ते जमिनीपासून १५ मीटरच्या आसपास असतं. उलटा हिशेब केला तर टोकापासून ३ किलोमीटरवर ते १७० मीटरच्या आसपास आणि ५ किलोमीटरवर २७५ मीटरच्या आसपास असायला हवं. हा उतार पायलटच्या लहरीवर नसतो. धावपट्टीशेजारून सोडलेल्या रेडिओ लहरी त्याला तो दाखवत असतात. मात्र हे आकडे धावपट्टीच्या पातळीपासूनचे आहेत. घर टेकडीच्या उतारावर असेल, तर टेकडीची उंची त्यातून वजा करायची. घाटकोपर-असल्फ्याच्या चढावरच्या माणसाला विमान जवळ वाटतं, कारण त्याच्या छपरापासून ते खरंच जवळ असतं.

डोळ्यांचा घोटाळा असतो तो वेगळाच. एअरबस ए३२० चे पंख एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जवळजवळ ३६ मीटर, तर बोइंग ७७७-३००ईआरचे जवळजवळ ६५ मीटर भरतात. दोन्ही विमानं एकाच उतारावरून एकाच उंचीवर आली तरी मोठं विमान खाली आणि रेंगाळत चालल्यासारखं भासतं. आपला डोळा आकारावरून अंतर ठरवतो, आणि इथं तो फसतो.

'आज अचानक आमच्यावरून का?' या प्रश्नाचं उत्तर बहुतेक वेळा वाऱ्यात सापडतं. विमानं वाऱ्याला सामोरी उतरतात आणि उडतात. मुंबईत वारा बराचसा समुद्रावरून, पश्चिमेकडून येतो. म्हणून उतरणारी विमानं पूर्वेकडून, घाटकोपर-कुर्ल्यावरून येतात आणि उडणारी जुहूच्या बाजूनं समुद्रावर जातात. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे दोन्ही एकाच वेळी मोकळेपणानं वापरता येत नाहीत. मुख्य धावपट्टी डागडुजीसाठी बंद ठेवली की सगळी वर्दळ तिरक्या धावपट्टीवर येते, आणि एरवी शांत असणाऱ्या गल्ल्यांना त्या दिवशी कुर्ल्याचं दुखणं कळतं.

आता धास्तीचा मुख्य विषय. १२ जून २०२५ ला अहमदाबादहून लंडनला निघालेलं एअर इंडियाचं बोइंग ७८७ उड्डाणानंतर काही क्षणांतच मेघाणीनगरमधल्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या वसतिगृहावर कोसळलं. विमानातल्या २४२ पैकी २४१ जण गेले आणि जमिनीवरचे १९. वसतिगृह धावपट्टीच्या टोकापासून पावणेदोन किलोमीटरच्या आत होतं. तेव्हापासून विमानतळाशेजारच्या प्रत्येक घरात एकच प्रश्न आहे: उद्या आमच्यावर पडलं तर? त्याला 'असं होतच नाही' हे उत्तर देता येत नाही. पण असं होणं किती दुर्मीळ आहे, हे पाहायला हवं. एक इंजिन बंद पडलं की विमान दगडासारखं पडतं, ही समजूत साफ चुकीची आहे. दोन इंजिनांचं प्रवासी विमान ऐन उड्डाणात एक इंजिन गमावूनही उरलेल्या एकावर वर चढू शकतं, हे सिद्ध केल्याशिवाय त्याला परवानाच मिळत नाही. अहमदाबादला दोन्ही इंजिनांचा जोर जवळजवळ एकदम गेला. दोन्ही इंजिनांना इंधन पुरवणारी बटणं सेकंदाच्या अंतरानं 'बंद' स्थितीत गेली होती, असं प्राथमिक अहवालात नोंदलं आहे.

मुंबईकर या संदर्भात हमखास घाटकोपरच्या २०१८ च्या अपघाताचं नाव घेतात. २८ जून २०१८ ला सर्वोदयनगर भागात बांधकाम चालू असलेल्या जागेवर एक छोटं विमान कोसळलं; विमानातले चौघे आणि रस्त्यावरचा एक पादचारी दगावले. पण ते विमान मोठ्या विमानतळावर उतरणाऱ्या प्रवासी विमानांच्या रांगेतलं नव्हतं. ते किंग एअर जातीचं होतं, जुहूच्या धावपट्टीवरून चाचणीसाठी उडालेलं. दोन्ही गोष्टींची सरमिसळ झाली की रोज डोक्यावरून जाणाऱ्या विमानांच्या खात्यावर भलत्याच विमानाचा अपघात मांडला जातो.

इमारतींच्या उंचीचं प्रकरण मात्र लोक हवं तितकं मनावर घेत नाहीत. 'विमान एवढं वरून जातं, मग आमच्या सोसायटीला दोन मजले जास्त चढवले तर काय बिघडतं?' हिशेब सोपा आहे. विमान ३ अंशांच्या उतारानं येतं, म्हणजे सव्वापाच टक्क्यांच्या आसपास. त्याखाली इमारतींना घातलेली कमाल मर्यादा मोठ्या धावपट्टीच्या टोकाजवळून फक्त दोन टक्क्यांच्या उतारानं वर चढते. ३ किलोमीटरवर विमान १७० मीटरवर असेल तर तिथं मर्यादा जास्तीत जास्त साठेक मीटर येते. मधलं शंभर-एकशेदहा मीटर अंतर रिकामं दिसतं खरं, पण ते रोजच्या विमानासाठी ठेवलेलंच नाही. ते ठेवलंय मुसळधार पावसात ठरल्या उतारापेक्षा खाली आलेल्या विमानासाठी. धावपट्टीच्या दुसऱ्या टोकाला, एका इंजिनावर जेमतेम चढणाऱ्या विमानासाठीही तशीच जागा राखलेली असते.

यातली सोसायट्यांच्या मीटिंगमध्ये हमखास चुकणारी बाब अशी. विमानतळ प्राधिकरणाच्या ना-हरकत पत्रात जी उंची दिलेली असते, ती समुद्रसपाटीपासूनची असते, आपल्या फाटकाच्या पायरीपासूनची नसते. शिवाय तिच्यात सगळं आलं: गच्चीवरची पाण्याची टाकी, लिफ्टची खोली, जिन्याचं डोकं, अँटेना, विजेपासून बचावाचा दांडा. 'मजले तर परवानगीइतकेच आहेत' म्हणून चालत नाही. टाकी वर गेली तरी नियम मोडला. जुलै २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं विमानतळाजवळच्या ४८ इमारतींचे मर्यादेबाहेरचे भाग पाडण्याची कारवाई करायला उपनगर जिल्हाधिकाऱ्यांना सांगितलं, तेव्हा बऱ्याच रहिवाशांना आपल्या डोक्यावरचं संकट विमानाचं नसून बिल्डरचं आहे, हे पहिल्यांदा कळलं असेल.

पक्ष्यांचा धोकाही लोक असाच मनावर घेत नाहीत. २० मे २०२४ ला रात्री दुबईहून येणाऱ्या विमानाची घाटकोपरवर फ्लेमिंगोंच्या थव्याशी टक्कर झाली. सुमारे चाळीस पक्षी मेले, त्यांचे तुकडे रस्त्यांवर पडले. विमान सुखरूप उतरलं. फ्लेमिंगो पाहुणे आहेत. रोजचा उपद्रव घारींचा, आणि त्यांना बोलावतो आपण. विमानतळाच्या १० किलोमीटरच्या आत जनावरं कापणं-सोलणं आणि पशुपक्ष्यांना ओढणारा कचरा टाकणं याला १९३७ च्या विमान नियमांतल्या ९१ व्या नियमानं मनाई आहे. देवनारचा कचऱ्याचा डोंगर विमानतळापासून सात किलोमीटरही दूर नाही. नियम आणि डोंगर दोघंही आपापल्या जागी आहेत. नाक्यावरचा मटणवाला उरलेलं मांस उघड्यावर टाकतो, तेव्हा त्याच्या डोक्यात विमान नसतं. घारीच्या डोक्यातही नसतं.

किरकोळ दोन समजुती झटक्यात उरकू. विमानं शौचालय आभाळात रिकामं करत नाहीत. मैला टाकीत साठतो आणि ती टाकी जमिनीवर, बाहेरच्या बाजूनंच उघडते. गळती झाली तर बाहेर बर्फ जमून पडू शकतो, म्हणून तर राष्ट्रीय हरित लवादानं २०१६ मध्ये अशा प्रकाराला ५० हजार रुपये दंड ठरवला. २०१८ च्या जानेवारीत गुरुग्रामजवळच्या एका गावात आकाशातून बर्फाचा मोठा गोळा पडला. काही लोकांनी तो अंतराळातून आलेला दगड समजून तुकडे घरच्या फ्रिजमध्ये ठेवले. अधिकाऱ्यांचा संशय वेगळाच होता. दुसरी समजूत इंधनाची. मुंबईवरून सगळ्यात जास्त जाणारी ए३२० आणि ७३७ ही विमानं हवेत इंधन सोडूच शकत नाहीत. त्यांना तशी सोयच नाही. मोठ्या विमानांना ती आहे, पण ती उंचावर आणि आणीबाणीत वापरायची. जानेवारी २०२० मध्ये लॉस एंजलिसमध्ये एका ७७७ नं उतरताना शाळांवर इंधन सोडलं, त्याची जगभर बातमी झाली ती ते इतकं अपवादात्मक होतं म्हणूनच.

आणि आता आवाज.

'सवय होते हो' हे इथलं सगळ्यात मोठं असत्य. मनाला सवय होते, शरीराला नाही. युरोपातल्या विमानतळांजवळ झालेल्या एका अभ्यासात झोपलेल्या माणसांचा रक्तदाब रात्रभर मोजला; विमान गेलं की रक्तदाब वर जायचा, माणूस जागा झाला नाही तरीही. म्यूनिकमध्ये १९९२ मध्ये जुना विमानतळ बंद होऊन नवा सुरू झाला, तेव्हा दोन्ही ठिकाणच्या मुलांची आधी आणि नंतर चाचणी घेण्यात आली. जुन्या विमानतळाजवळच्या मुलांची स्मरणशक्ती आणि वाचन सुधारलं, नव्याजवळच्या मुलांचं बिघडलं. यापेक्षा स्वच्छ पुरावा मागायचा तरी कुठला?

'नवी विमानं किती शांत झालीत' असंही ऐकवलं जातं. ते खरं आहे. साठ-सत्तरच्या दशकातल्या विमानांच्या मानानं आजची इंजिनं पुष्कळ शांत आहेत. पण उतरताना इंजिन मंद असतं आणि बराच आवाज चाकं, पंखांवरच्या झडपा आणि हवा यांच्या घर्षणातून येतो; तो इंजिन बदलून जात नाही. शिवाय विमानं वाढली आहेत. डेसिबलचं गणित असं विचित्र आहे की विमानांची संख्या दुप्पट झाली तरी सरासरी फक्त ३ डेसिबलनं वाढते. म्हणजे प्रत्येक विमान ३ डेसिबलनं शांत झालं, जो फरक कानाला जेमतेम कळतो, की दुप्पट विमानं उडवूनही कागदावर आवाज तेवढाच!

कागदावरचा हा आवाज जरा जवळून पाहण्यासारखा आहे. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल. २०१८ मध्ये विमानतळाभोवतालच्या क्षेत्रासाठी वेगळी मर्यादा आली. मुंबईसारख्या वर्दळीच्या विमानतळांना ती दिवसा ७० आणि रात्री ६५. दोन्ही मर्यादा सरासरीच्या आहेत. आता रात्रीचा एक तास घ्या. सात विमानं गेली, प्रत्येकाचा आवाज पंधरा सेकंद ८० डेसिबल. एकूण पावणेदोन मिनिटं गोंगाट, बाकी अगदी शांत. सरासरी काढा: ६५ च्या किंचित खाली. नियम पाळला गेला! त्या घरातली आजी मात्र सात वेळा दचकून उठलेली असते. आणि मुंबईत रात्री विमानं बंद नसतात. परदेशी जाणाऱ्या बऱ्याच विमानांची वेळच मध्यरात्रीनंतरची. फ्रँकफर्टला रात्री अकरा ते पहाटे पाच, सिडनीला अकरा ते सहा उड्डाणांना बंदी आहे. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१८ मध्ये युरोपसाठी विमानांच्या रात्रीच्या आवाजाची सुचवलेली पातळी ४० डेसिबल आहे. आपल्या ६५ शी ती ताडून पाहावी.

'खिडक्यांना दुहेरी काच बसवा' हा सल्ला देणाऱ्यानं मे महिन्यात जरीमरीत एक रात्र काढावी. बंद काच आवाज बराच अडवते, उघडी खिडकी दहा-पंधरा डेसिबलपेक्षा जास्त नाही. एसी नसलेल्या, पत्र्याच्या छपराच्या खोलीत खिडकी बंद कोण करणार? युरोपात कित्येक विमानतळ शेजाऱ्यांच्या खिडक्यांचा खर्च उचलतात; हीथ्रो तर मोठ्या विमानांमागच्या भोवऱ्यांनी कौलं उचलली जातात म्हणून ती बांधून देण्याचीही योजना चालवतो.

'विमानतळ आधी होता, लोक नंतर आले' हा शेवटचा टोला. तो अर्धाच खरा आहे. झोपड्या नंतर आल्या, हे मान्य. पण सहार, मरोळ, बामणवाडा, कोळेकल्याण ही गावठाणं विमानाच्या शोधाच्याही आधीपासूनची आहेत. सहारच्या नावानं टर्मिनल ओळखलं गेलं, ते गावच होतं.

नवी मुंबईत मात्र हा वाद घालायची वेळच येऊ द्यायची नाही, अशी संधी अजून आहे. ८ ऑक्टोबर २०२५ ला उद्घाटन झालेल्या या विमानतळाच्या धावपट्ट्या साधारण पूर्व-पश्चिम आहेत; एका टोकाच्या दिशेला उलवे, दुसऱ्या टोकाकडे पनवेल. तिथं घर घेणाऱ्यानं बिल्डरला दोन कागद मागावेत. एक, ना-हरकत पत्र, ज्यात समुद्रसपाटीपासूनची कमाल उंची लिहिलेली असते. ती टाकीसकट तपासावी. दुसरा, नकाशा: धावपट्टीची रेषा पट्टीनं पुढं वाढवून ती आपल्या इमारतीवरून जाते का, ते बघावं. जात असेल तर नमुना फ्लॅट पाहायला दुपारी जाऊ नये, रात्री अकरानंतर जावं, आणि बेडरूमची खिडकी उघडी ठेवायला सांगावी.