मॅमोग्राफीच्या अलीकडे

सोलापूर जिल्ह्यात कर्करोग वेळेत सापडण्याविषयी लिहायचं तर सुरुवात बार्शीपासूनच करावी लागते. डॉ. बी. एम. नेने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८२ साली तिथं नर्गिस दत्त यांच्या नावाचं कर्करोग रुग्णालय सुरू केलं. पाच वर्षांनी, १९८७ मध्ये, मुंबईच्या टाटा स्मारक केंद्राच्या साथीनं देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी बार्शीत उभी राहिली. शहरातल्या नोंदणीत कर्मचारी रुग्णालयांतले कागद तपासतात. बार्शीत ते पुरणार नव्हतं. खेड्यातली बाई दुखणं अंगावर काढायची, दवाखान्याची पायरीच चढायची नाही; मग तिचं नाव कागदावर येणार कुठून? म्हणून नोंदणीची माणसं बार्शी, परांडा, भूम भागातल्या गावांत फिरली. लक्षणं सांगितली, अंगावरून जाणं किंवा गाठ लपवणाऱ्या बायकांना बोलतं केलं, शंका आली त्यांना तपासणीला आणलं.

याचं फळ १९९५ मध्ये डॉ. कस्तुरी जयंत आणि सहकाऱ्यांच्या शोधनिबंधात दिसलं. या गावांतल्या गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या रुग्ण आधीपेक्षा लवकरच्या टप्प्यात येऊ लागल्या होत्या. फरक पडला तो माणसांच्या फेऱ्यांनी. मला या जिल्ह्याच्या वैद्यकीय इतिहासातली ही सर्वांत मोलाची गोष्ट वाटते, आणि स्तनांच्या कर्करोगाबाबत तिचा पुरेसा उपयोग आपण केलेला नाही, याची खंतही वाटते.

त्या काळी बार्शीच्या नोंदीत गर्भाशयमुखाचा कर्करोग पुढे होता. आज देशभरात बायकांमध्ये स्तनांचा कर्करोग पहिला आहे. २०२२ च्या जागतिक अंदाजानुसार भारतात वर्षाला सुमारे १ लाख ९२ हजार नवे रुग्ण आणि ९८ हजारांवर मृत्यू. याउलट २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात तिशी ते पन्नाशीच्या दरम्यानच्या बायकांपैकी आयुष्यात एकदा तरी स्तनांची तपासणी करून घेतलेल्या शंभरात एकही भरत नाही.

या तपासणीचा एक मार्ग म्हणजे मॅमोग्राफी, स्तनाचा कमी मात्रेचा एक्स-रे. दोन पट्ट्यांमध्ये स्तन काही सेकंद दाबून धरतात आणि प्रत्येक बाजूचे दोन फोटो घेतात. दाब नकोसा वाटतो, पण त्यानेच चित्र स्पष्ट येतं. त्या दिवशी काखेत पावडर लावू नये, कारण तिचे कण फोटोत कॅल्शियमच्या ठिपक्यांसारखे दिसू शकतात. हे बारीक ठिपकेच या तपासणीचं खरं बळ: हाताला गाठ लागण्याआधी ते दिसू शकतात. मात्र तरुण वयात स्तनातली ग्रंथी दाट असते. फोटोत तीही पांढरी, गाठही पांढरी. म्हणून चाळिशीच्या आत गाठ लागली तर सोनोग्राफी अधिक कामाची. काही तक्रार नसताना नेमानं मॅमोग्राफी कधीपासून, यावर देशांचं एकमत नाही. ब्रिटनमध्ये पन्नाशीपासून दर तीन वर्षांनी बोलावणं येतं. अमेरिकेच्या तज्ज्ञगटानं २०२४ मध्ये चाळीस ते चौऱ्याहत्तर वयात दर दोन वर्षांनी, असं सांगितलं.

भारताच्या सरकारी आराखड्यात असं बोलावणं नाही. २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांत तीस ते पासष्ट वयाच्या बायकांची दर पाच वर्षांनी हातानं तपासणी सांगितली आहे. शंका आली तर पुढे पाठवायचं. वाचताना हे गरिबांसाठी काढलेलं स्वस्त औषध वाटतं, पण त्यामागे पुरावा आहे. टाटा स्मारकानं मुंबईच्या वस्त्यांत १९९८ पासून दीड लाखांवर बायकांचा वीस वर्षं अभ्यास केला. निम्म्या भागांत प्रशिक्षित आरोग्यसेविका दर दोन वर्षांनी हातानं तपासत. २०२१ मध्ये निष्कर्ष आले: तपासणी झालेल्या गटात तिसऱ्या-चौथ्या टप्प्यात सापडलेल्या बायका ३७ टक्के, दुसऱ्या गटात ४७. पन्नाशीपुढच्या बायकांत स्तनांच्या कर्करोगाचे मृत्यू जवळपास तीस टक्क्यांनी घटले. पन्नाशीच्या आत मृत्यूंत खात्रीनं सांगावा असा फरक दिसला नाही, हेही तितकंच खरं. आणि ही तपासणी दर दोन वर्षांनी होती, पाच नव्हे.

आता हातानं तपासल्यानंतर पुढे काय होतं, ते सोलापुरातल्या एका बाईच्या बाबतीत बघा. ती विडी वळते. हजार विड्यांमागे मजुरी, पान-तंबाखू कारखान्यातून आणायची, माल नेऊन द्यायचा. शहराशेजारच्या कुंभारीतल्या गोदूताई परुळेकर वसाहतीत विडी कामगार बायकांची दहा हजार घरं आहेत. शहराच्या पूर्व भागात यंत्रमागाच्या घरांत कित्येकींची घरची भाषा तेलुगू. आरोग्यसेविकेनं तपासून "गाठ लागतेय, फोटो काढा" म्हटलं, की तिचे दिवस मोडायला लागतात. एक चिठ्ठीसाठी, एक फोटोसाठी, एक रिपोर्टसाठी, मग तुकडा तपासणी (बायोप्सी). प्रत्येक दिवस बिनमजुरीचा. शिवाय गाठ बहुतेक वेळा दुखत नाही, आणि न दुखणाऱ्या गाठीसाठी खाडा कोण करणार? महात्मा फुले जनआरोग्य योजना उपचारांसाठी मोठा आधार आहे, पण या आधीच्या फेऱ्या तिच्या पदराचे पैसे आणि वेळ खातात.

म्हणून सोलापूरला यंत्रं हवीतच, पण त्यांच्या आधी आणि नंतरची साखळी जास्त हवी आहे, असं माझं ठाम मत आहे. आरोग्यसेविकेनं शंका घेतली त्याच आठवड्यात, एकाच दिवशी, एकाच छताखाली फोटो, सोनोग्राफी आणि गरज असेल तर तुकडा घेण्याची सोय व्हावी. तीही विडी कारखान्यांच्या सुट्टीच्या दिवशी, आणि समजावणारी एक बाई तेलुगूत बोलणारी असावी. मॅमोग्राफीच्या रिपोर्टवर शेवटी शून्य ते सहा असा एक आकडा असतो. शून्य म्हणजे आजार नाही असं नव्हे. फोटो अपुरा, आणखी तपासणी हवी. "शून्य आलाय" ऐकून निश्चिंतपणे घरी जाणारी बाई परत येईलच असं नाही. तो आकडा तिला तोंडी, तिच्या भाषेत सांगून पुढची तारीख हातात देणं आणि त्या तारखेला ती आली नाही तर वस्तीतल्या आशाताईला तिच्या दारी पाठवणं, एवढं काम बार्शीच्या नोंदणीतल्या माणसांनी चाळीसेक वर्षांपूर्वी एका वेगळ्या कर्करोगासाठी करून दाखवलेलं आहे.