विमानप्रवास : घड्याळातले तास आणि अंगावरचे तास

मुलगा किंवा लेक अमेरिकेत असलेले आईवडील आता लहान गावांतूनही आहेत. तिकीट हातात पडले की ते दवाखान्यात येतात आणि विचारतात, "डॉक्टर, किती तासांचा प्रवास हो?" औषधांच्या वेळा याच उत्तरावर बसवायच्या असल्याने ते नीट समजून घ्यावे.

मुंबई ते न्यूयॉर्क हे हवाई अंतर सुमारे १२,५०० किलोमीटर आहे. कुठेही न थांबणारे विमान ते सुमारे १६ तासांत कापते. येताना वरच्या हवेतील पश्चिमेचे वारे पाठीशी असल्याने तास-दीड तास कमी लागतो.

आता तिकीट पाहा. हिवाळ्यात मुंबईहून रात्री दीडला सुटलेले विमान न्यूयॉर्कला त्याच तारखेला सकाळी सातच्या सुमारास उतरते. घड्याळ म्हणते साडेपाच तास झाले! कारण न्यूयॉर्कचे घड्याळ आपल्यापेक्षा हिवाळ्यात साडेदहा तास आणि उन्हाळ्यात साडेनऊ तास मागे असते. शरीराला मात्र १६ तासच मोजावे लागतात.

घोटाळा होतो तो इथे. विमानात आपल्या घड्याळाप्रमाणे सकाळी आठला मधुमेहाची गोळी घेतलेली असते. न्यूयॉर्कला उतरल्यावर पुन्हा 'सकाळ' दिसते आणि दुसरी गोळी पोटात जाते. दोन गोळ्यांत अंतर पडते जेमतेम नऊ-दहा तासांचे. रक्तातील साखर एकदम उतरून घाम, थरथर, प्रसंगी बेशुद्धीही येऊ शकते. म्हणून दोन मात्रांमधील अंतर तासांनी मोजावे. इन्सुलिन घेणाऱ्यांनी तिकीट घेऊनच डॉक्टरांकडे जावे आणि वेळा लिहून आणाव्यात. इन्सुलिन व सर्व औषधे चिठ्ठीसह हातातल्या पिशवीत ठेवावीत. सामानाच्या कप्प्यात इन्सुलिन गोठून निकामी होऊ शकते.

दुसरी गोष्ट पायांची. चार तासांहून अधिक वेळ एका जागी बसल्यास पायाच्या खोल शिरेत रक्ताची गुठळी होण्याची शक्यता सुमारे दुपटीने वाढते, असे जागतिक आरोग्य संघटनेने २००७ साली सांगितले. तरी हे प्रमाण सहा हजारांत एक इतकेच आहे, तेव्हा घाबरू नये. पण गावाहून मुंबईपर्यंतचे सहा-आठ तास आणि विमानतळावरचे तीन तास मिळवले, तर आपले बसणे चोवीस तासांच्या पुढे जाते. गाडीतले बसणेही यात धरलेच पाहिजे.

हे करावे :

१. दर तास-दोन तासांनी उठून चालावे. बसल्या जागी घोटे वर-खाली हलवावेत.

२. विमानातील हवा फार कोरडी असते. पाणी थोडे थोडे पीत राहावे, मद्य टाळावे.

३. झोपेची गोळी घेऊन निश्चल पडू नये. ॲस्पिरिनही मनाने घेऊ नये.

४. पूर्वी गुठळी झालेल्यांनी, नुकती शस्त्रक्रिया झालेल्यांनी, तसेच हृदयाचा वा दम्याचा त्रास असणाऱ्यांनी आधी तपासून घ्यावे. विमानातील हवेचा दाब सहा ते आठ हजार फूट उंचीवर असावा तितकाच असतो.

प्रवासानंतरच्या काही आठवड्यांत एकाच पायाची पोटरी सुजली, दुखू लागली, तर तो प्रवासाचा शीण समजू नये, डॉक्टरांना दाखवावे. अचानक धाप लागली किंवा छातीत दुखले तर तडक रुग्णालय गाठावे.

झोपेचे चक्र दिवसाला साधारण एक तास या गतीने जुळते. म्हणजे आठ-दहा दिवस लागणारच. दिवसा उन्हात फिरावे, दुपारची लांब झोप टाळावी आणि नातवंडांबरोबर आनंदात राहावे.