माड आणि मजकूर

घरी विंडोजचाच संगणक घ्या, असा मुलाचा आग्रह. मी मात्र जुनं वर्कस्टेशन आणून त्यावर युनिक्सच्या वळणाचं लिनक्स घातलं.

रंगराजन समितीच्या १९८४ च्या अहवालानंतर बँकांत संगणक आले. आमच्या शाखेचा हिशेब युनिक्सवरच जुळायचा. १९६९ मध्ये बेल लॅब्जमध्ये जन्मलेल्या या प्रणालीची शिकवण एकच : मजकूर साधा ठेवा, तो कुठेही वाचता येतो.

लेखक म्हणून मी ती विसरलो. निवृत्तीनंतर पहिल्या कादंबरीची फाइल उघडली, तर जुना फॉन्ट नसल्यानं पडद्यावर रोमन अक्षरांची खिचडी! दोष विंडोजचा नव्हे, माझाच. आता छापील प्रतीवरून युनिकोडमध्ये पुन्हा टंकतो आहे. हे विंडोजवरही जमतं. पण इथं जुनी शिस्त आठवते.

गासच्या वाडीत माड लावतात तो नातवंडांसाठी. लिहिणाऱ्यानं वेगळं का वागावं?