चोक उघडताच इंजिन का थांबते?

तासगावच्या द्राक्षबागांत अवकाळी पाऊस पडला की केवडा रोगाचे भय असते. फवारणीस विलंब चालत नाही. अशा वेळी पंपाचे पेट्रोल इंजिन चोक मिटलेला असता चालते, परंतु तो उघडताच थांबते. असे का व्हावे?

चोक मिटल्याने हवा कमी होते व मिश्रणात इंधनाचे प्रमाण वाढते. कार्ब्युरेटरमधील जेटचे सूक्ष्म छिद्र जुन्या पेट्रोलच्या चिकट थराने बुजले असल्यास इंधनाची उणीव त्यामुळे झाकली जाते; हवा वाढताच ती उघडी पडते. म्हणून इंजिन थंड झाल्यावर जेट व गाळणी स्वच्छ करावी आणि ताजे पेट्रोल भरावे. सैल सांध्यातून हवा शिरत असल्यास तो घट्ट करावा. चोक मिटूनच काम रेटणे म्हणजे दुखणे झाकणे होय.