खिशातला चाकू

खिशातून चाकू काढला की समोरचा माणूस आधी आपल्या चेहऱ्याकडे बघतो. त्याची चूक नाही. हिंदी सिनेमानं घडीच्या चाकूला ‘रामपुरी’ हे एकच नाव दिलं आणि तो गुंडाच्या हाती सोपवला. रामपूरला मात्र या कारागिरीचा अभिमान आहे. २०२३ मध्ये तिथल्या चौकात सुमारे वीस फुटांचा चाकू उभारला गेला. पण आज बोलायचं आहे ते कामाच्या चाकूबद्दल.

आमच्या कुंभवलीला लागून तारापूरची एमआयडीसी, आणि उत्तरेला डहाणू-घोलवडच्या चिकूवाड्या. चिकूचं कलम खिरणीच्या खुंटावर करतात. दोन्हींचे काप सपाट हवेत, सालीखालचा हिरवट थर थराला भिडला पाहिजे. धार बोथट असेल तर साल चेंगरते, कलम सुकतं आणि हंगाम वाया जातो.

काही वर्षांपूर्वी मीही हौसेनं कलम करायला बसलो. बाजारातून आणलेला स्वस्त चाकू जोर लावताच मिटला आणि पातं तर्जनीवर आलं. चार टाके पडले, महिनाभर लेखणी धरता आली नाही. तेव्हापासून चाकू बघायला शिकलो.

पहिली गोष्ट बघायची ती अडसर. जुन्या पद्धतीच्या चाकूत पातं फक्त पाठीच्या स्प्रिंगच्या दाबावर उभं राहतं. उलटा जोर आला की मिटतं. फ्रान्सच्या ओपिनेल कंपनीनं १९५५ मध्ये मुठीच्या तोंडाशी फिरणारी कडी बसवली. कडी फिरवली की पातं अडकतं. किती साधी युक्ती! अमेरिकेतल्या ख्रिस रीव्ह यांच्या ‘सेबेन्झा’ चाकूत मुठीचीच टायटॅनियमची पट्टी पात्यामागे सरकते. शौकीन लोक याच्या उघडण्या-मिटण्यावर तासन्‌तास बोलतात. किंमत तीस हजारांच्या पुढे. ओपिनेल त्याच्या दशांशाहूनही कमी किमतीत मिळतो.

दुसरी गोष्ट पोलाद. साध्या कार्बन पोलादाला धार पटकन लागते, पण आमच्या खाऱ्या हवेत आणि चिकूच्या चिकात त्याला लवकर डाग पडतात. स्टेनलेसमध्ये क्रोमियम असतं, म्हणून ते गंजाला दाद देत नाही. महागड्या चाकूंत भुकटीचं पोलाद असतं: वितळलेल्या धातूचे बारीक कण करून ते उष्णतेत दाबून एकजीव करतात. त्यामुळे त्यातले कठीण कण बारीक आणि सारखे पसरतात, आणि धार जास्त दिवस टिकते. मात्र एकदा ती गेली की घरच्या दगडावर परत आणताना घाम फुटतो. स्वित्झर्लंडचा व्हिक्टोरिनॉक्स उलट वागतो. त्याचं पोलाद त्या मानानं मऊ. धार लवकर जाते, पण दगडावर चार हात फिरवले की परत येते.

तिसरी गोष्ट धारेचा आकार. शौकिनांच्या गप्पांत ही मागं पडते. खिशातल्या नेहमीच्या चाकूला दोन्ही बाजूंनी उतार असतो. कलमाच्या खास चाकूची एक बाजू सपाट असते, म्हणून काप सरळ जातो. अर्थात, डावखुऱ्यांसाठी तो वेगळा घ्यावा लागतो.

कायदाही माहीत असावा. शस्त्र नियमांनुसार नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पातं शस्त्रात मोडतं. घरकामाची आणि शेतीची अवजारं त्यातून वगळली आहेत. काही ठिकाणचे निर्बंध याहून कडक असतात. विमानात तर चाकू हातातल्या पिशवीत ठेवूच नये.

माझं बोट बरं झाल्यावर एका वाडीतल्या म्हाताऱ्या माळीकाकांना मी मोठ्या ऐटीनं महागड्या चाकूचं चित्र दाखवलं. त्यांनी ते नीट पाहिलं, मग कनवटीचा आपला झिजलेला चाकू काढला, खोबरेल तेलाच्या फडक्यानं पुसला आणि म्हणाले, “भाऊ, तुमचा चाकू चांगलाच असेल. पण रोज पुसता का?”

मी काय उत्तर देणार? घरी येऊन आधी दगड भिजत घातला.