तबकडीने घडविलेला कान

गदगमधील एका दुकानात वाजणारी उस्ताद अब्दुल करीम खाँ यांची झिंझोटीतील ठुमरी शाळकरी भीमसेन जोशी यांच्या कानी पडली आणि तसे गाणे शिकण्याच्या ध्यासाने वयाच्या अकराव्या वर्षी त्यांनी घर सोडले, ही हकीकत मराठी रसिकांना सुपरिचित आहे. अवघ्या काही मिनिटांच्या तबकडीने एका मुलाच्या आयुष्याची दिशा ठरविली. सामान्य श्रोत्याच्या बाबतीत हा परिणाम इतका नाट्यमय नसतो. तथापि त्याची अभिरुचीही अशाच मोजक्या ध्वनिमुद्रिकांच्या सहवासात घडते आणि बदलते. महाराष्ट्रातील श्रोत्यांच्या काही पिढ्यांचा प्रवास पाहिल्यास, या बदलामागे कलावंतांइतकाच तबकडीवर मावणाऱ्या वेळेचाही हात असल्याचे ध्यानात येते.

तीन मिनिटांची चौकट

भारतात व्यावसायिक ध्वनिमुद्रणाचा आरंभ १९०२ मध्ये कलकत्त्यात झाला. मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या तबकडीच्या एका बाजूस साधारण तीन मिनिटांचे गाणे मावत असे. तासभर रंगणारा राग तेवढ्यात बसविताना गायकांनी आलापीला कात्री लावली; बंदिशीचा मुखडा आणि द्रुत ताना यांना अग्रस्थान मिळाले. साहजिकच घरी बसून गाणे ऐकणाऱ्याचा कान तानेच्या चमत्कृतीवर पोसला गेला.

सुरुवातीला कलावंताला कर्ण्यासमोर मोठ्या आवाजात गावे लागे. १९२५ नंतर मायक्रोफोन वापरात आला आणि हळुवार आवाजातील बारकावेही तबकडीत उतरू लागले. १९३०च्या दशकात जी. एन. जोशी यांची भावगीते लोकप्रिय झाली, ती या नव्या सोयीच्या काळात. नाट्यपदांच्या जोरकस गायकीवर वाढलेल्या श्रोत्याला आता कवितेच्या शब्दांना जपणारे, मंद स्वरातील गाणेही आवडू लागले.

वीस मिनिटांचा अवकाश

१९४८ मध्ये अमेरिकेत एलपी, म्हणजे दीर्घकाळ वाजणारी तबकडी, बाजारात आली. पुढे ती भारतातही रुळली. तिच्या एका बाजूस वीस मिनिटांहून अधिक संगीत मावे. उस्ताद अमीर खाँ यांची एका बाजूस मारवा आणि दुसऱ्या बाजूस दरबारी असलेली एलपी या संदर्भात आवर्जून आठवावी अशी आहे. मारव्यात पंचम वर्ज्य असतो आणि षड्जावरही गायक लवकर विसावत नाही. त्या लांबलेल्या प्रतीक्षेतूनच सायंकाळची हुरहूर निर्माण होते. तीन मिनिटांत ही प्रतीक्षा जाणवणेच अवघड. तानांना सरावलेल्या कानाला ही अतिविलंबित आलापी प्रथम कंटाळवाणी वाटणे स्वाभाविक होते. परंतु एलपी महाग, घरातील संग्रह तुटपुंजा. त्यामुळे तीच तबकडी पुन:पुन्हा लावली जाई. दहाव्या-बाराव्या वेळी त्या संथपणातले सौंदर्य उमगू लागे.

१९६७ मध्ये आलेल्या ‘कॉल ऑफ द व्हॅली’ने वेगळ्या श्रोत्याला साद घातली. पं. शिवकुमार शर्मा यांचे संतूर, पं. हरिप्रसाद चौरसिया यांची बासरी आणि पं. ब्रिजभूषण काबरा यांची गिटार यांतून काश्मिरी मेंढपाळाचा एक दिवस उभा राहिला. एचएमव्हीसाठी त्याची निर्मिती करणारे होते तेच जी. एन. जोशी. शास्त्रीय संगीताची धास्ती बाळगणाऱ्यांनाही या तबकडीने सकाळच्या अहिर भैरवापासून पहाडीपर्यंत अलगद नेले. एकदा कानात बसलेला अहिर भैरव मग मैफलीत भेटला, की परका वाटत नसे.

कॅसेटचे दुहेरी देणे

१९८०च्या दशकात कॅसेटने संगीत मध्यमवर्गीय खिशाच्या आवाक्यात आणले. विकत घेतलेल्या कॅसेटवरून प्रत काढता येई, आकाशवाणीवरील गाणे टिपून ठेवता येई. एकाच कपाटात गझल, नाट्यगीत आणि ख्याल शेजारी-शेजारी नांदू लागले. राम फाटक व श्रीनिवास खळे यांनी स्वरबद्ध केलेले आणि पं. भीमसेन जोशी यांनी गायिलेले अभंग घरोघरी वाजू लागले. विठ्ठलभक्तीच्या ओढीने ते ऐकणाऱ्यांपैकी अनेकांना त्याच आवाजातील ख्यालाची वाट सापडली. गदगच्या दुकानात तबकडी ऐकणारा मुलगा आता स्वत: इतरांचे कान घडवीत होता.

विपुलतेचा पेच

आज मोबाइलवर लक्षावधी गाणी उपलब्ध आहेत. एकेकाळी संग्राहकांच्या कपाटात बंद असलेल्या दुर्मीळ तबकड्याही सहज ऐकता येतात. ही उपलब्धी लहान नव्हे. मात्र पहिल्या अर्ध्या मिनिटात न रुचलेले गाणे बोटाच्या स्पर्शाने दूर सारता येते. संगणकीय शिफारशीही बहुधा आधीच्या आवडीशी मिळतेजुळते गाणे पुढे करतात. अशा वेळी मारव्याची ती हुरहूर लागेपर्यंत थांबणार कोण? जुन्या श्रोत्याला ही सवड त्याच्या तोकड्या संग्रहाने दिली होती. नव्या श्रोत्याला ती स्वत:हून काढावी लागेल.

याला फार काही लागत नाही. न उमगलेली एखादी ध्वनिमुद्रिका निवडून महिनाभर तीच ऐकत राहावी. महिन्याअखेरीस ती आवडेलच, असे नाही. पण नावड ठरली, तर तीही पुरते ऐकून ठरलेली असेल.