घासाघीस तारखेशी

विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिका आणि कॅनडातल्या मोठ्या शहरांत शुक्रवार हा स्वस्ताईचा वार होता. गुरुवारी संध्याकाळच्या वर्तमानपत्रात पानभर जाहिरात यायची. एकेका ओळीत वस्तूचे नाव, कालची किंमत आणि उद्याची किंमत. शुक्रवारी सकाळी दार उघडण्याआधीच बायकांची गर्दी जमायची. टोरांटोच्या यंग स्ट्रीटवरील ईटन या दुकानाच्या ‘फ्रायडे बार्गेन्स’च्या जाहिराती तिथल्या वाचकांच्या सवयीच्या झाल्या होत्या, आणि इतर शहरांतल्या दुकानांनीही हाच वार धरला होता. बार्गेन या इंग्रजी शब्दाचा मूळ अर्थ सौदा, देवघेवीची बोलाचाली. गंमत अशी, की ज्या दुकानांनी बोलाचाली बंद केली, त्यांनीच हा शब्द स्वस्त मालावर चिकटवला.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत युरोप-अमेरिकेतही कापडाचा भाव गिऱ्हाईक पाहून सांगितला जाई. पॅरिसमध्ये आरिस्तीद बुसिको यांनी १८५२ पासून वाढवत नेलेले ‘बाँ मार्शे’, न्यूयॉर्कमधले ए. टी. स्टुअर्ट यांचे दुकान, फिलाडेल्फियातले जॉन वॉनामेकर यांचे दुकान अशा ठिकाणी ही रीत बदलली. मालावर किंमत लिहिलेली, ती सर्वांना एकच, आणि नुसते पाहून परत जाण्याची मुभा. टिमथी ईटन यांनी १८६९ मध्ये टोरांटोत दुकान काढले तेव्हा त्यांनीही एक भाव आणि रोख व्यवहार हे दोन नियम घातले. माल पसंत न पडल्यास पैसे परत, हे आश्वासन त्यांच्या दुकानाची ओळख बनले.

एक भाव ठेवल्याने दुकानदाराची मोठी सोय झाली. घासाघीस करायला मुरलेला, मालाची नस ओळखणारा विक्रेता लागतो. चिठ्ठी वाचून पैसे घ्यायला कमी पगारावरची तरुण मुलगी पुरते, आणि अशा शेकडो मुली ठेवून एका छपराखाली हातमोज्यांपासून फर्निचरपर्यंत सगळे विकता येते. डिपार्टमेंट स्टोअर उभे राहिले त्यामागे हा हिशेब होता. पण यातून एक अडचण निघाली. घासाघीशीच्या दुकानात पडून राहिलेल्या मालाचा भाव आपोआप उतरतो. दुकानदार मनात म्हणतो, जाऊ दे, निघतोय ना. चिठ्ठीवरचा भाव मात्र कोणीतरी मुद्दाम खोडल्याशिवाय उतरत नाही. आणि तयार कपड्यांचा धंदा वाढला तसा पडून राहणारा माल वाढला. ठाणातले कापड वर्षभर थांबू शकते. शिवलेला झगा मात्र त्याच हंगामात, त्याच फॅशनमध्ये आणि त्याच मापाच्या बाईलाच विकला जायला हवा.

शुक्रवारचा सेल हा या अडचणीवरचा पहिला, ढोबळ उपाय. आठवड्याचा पगार बहुतेकांना शनिवारी मिळे, त्यामुळे शनिवारी दुकाने भरत आणि शुक्रवार सुना जाई. त्या सुन्या वारी आठवड्याचा उरलासुरला माल काढायचा. ठाणांच्या शेवटी राहिलेले तुकडे, म्हणजे आपल्याकडचे कटपीस, एखाददुसऱ्याच मापाचे बूट, हाताळून मळलेले रुमाल, शोकेसमध्ये उन्हाने रंग उडालेल्या टोप्या. काही वस्तूंचा भाव दिवसभरापुरता, तर काहींचा सकाळच्या पहिल्या तासापुरताच उतरवलेला असे. एखादी वस्तू खरेदीच्या किमतीच्याही खाली विकली जाई, कारण तिच्या ओढीने आलेली बाई चार वस्तू पूर्ण भावाने घेऊन जाईल हा भरवसा होता. लंडनच्या दुकानांतही हंगामी सेलच्या काळात तुकड्यांचा खास दिवस असे.

या रीतीत लबाडीला भरपूर वाव होता. बुधवारी किंमत वाढवायची आणि शुक्रवारी ती ‘उतरवायची’, ही युक्ती सुचायला फार डोके लागत नाही. सेलसाठीच मुद्दाम बनवून घेतलेला हलका माल ‘मूळ किमतीच्या निम्म्याने’ विकला जाई. मूळ किंमत कधी कोणी पाहिलेलीच नसे. जाहिरात व्यवसायाच्या ‘प्रिंटर्स इंक’ या नियतकालिकाने १९११ मध्ये खोट्या जाहिरातीविरुद्ध कायद्याचा एक नमुना पुढे ठेवला आणि पुढे अमेरिकेतल्या अनेक राज्यांनी त्यावरून कायदे केले. ही मागणी जाहिरातवाल्यांकडूनच आली, हे लक्षात घेण्यासारखे आहे. सेलच्या जाहिरातीवर कोणी विश्वास ठेवेनासे झाले तर पहिले नुकसान त्यांचेच होते.

दुसरा उपाय होता तळघर. शिकागोच्या मार्शल फील्ड या दुकानाने एकोणिसाव्या शतकातच स्वस्त मालाला तळमजल्याखाली वेगळी जागा दिली होती. लंडनच्या ऑक्सफर्ड स्ट्रीटवर १९०९ मध्ये भव्य दुकान उघडणारे हॅरी गॉर्डन सेल्फ्रिज हे मूळचे मार्शल फील्डमध्येच तयार झालेले, आणि त्यांनीही १९११ मध्ये आपल्याकडे ‘बार्गेन बेसमेंट’ काढले. वर गालिचे आणि आरसे, खाली टेबलांवरचे ढीग. वरच्या श्रीमंत गिऱ्हाइकाला खालची गर्दी दिसत नाही आणि खालच्या गिऱ्हाइकाला वरच्या दुकानाचे नाव मिळते. भाव कधी आणि किती उतरवायचा हे मात्र अजूनही कोणाच्या तरी मर्जीवरच होते.

ही मर्जी काढून टाकण्याचे काम बोस्टनमध्ये झाले. विल्यम फायलीन हे प्रशियाच्या ताब्यातील पोझन भागातून अमेरिकेत आलेले ज्यू व्यापारी. त्यांनी १८८१ मध्ये बोस्टनमध्ये बायकांच्या कपड्यांचे व किरकोळ सामानाचे दुकान काढले. वडिलांच्या आजारपणामुळे मुलगा एडवर्ड याला हार्वर्डला जाण्याचा बेत सोडावा लागला आणि धाकटा भाऊ लिंकन याच्यासह तो दुकानात आला. एडवर्ड फायलीन यांना दुकान चालवण्याइतकाच दुकानाचा विचार करण्याचा नाद होता. माल किती दिवसांत विकला जातो, किती दिवस भांडवल अडकते, याच्या नोंदी त्यांना नफ्याच्या आकड्याइतक्याच महत्त्वाच्या वाटत. १९०९ मध्ये त्यांनी वरच्या दुकानातला न खपलेला माल विकण्यासाठी तळघर उघडले आणि त्याच्या नावात ‘ऑटोमॅटिक’ हा शब्द घातला.

तो शब्द शोभेचा नव्हता. तळघरात येणाऱ्या प्रत्येक वस्तूच्या चिठ्ठीवर ती विक्रीला मांडल्याची तारीख छापलेली असे. विक्रीचे १२ दिवस झाले की किंमत २५ टक्क्यांनी उतरे. १८ दिवसांनी मूळ किमतीच्या निम्मी होई, २४ दिवसांनी पाव. ३० दिवसांनंतरही वस्तू उरलीच तर ती धर्मादाय संस्थेला फुकट दिली जाई. रविवार सोडून सहा दिवस दुकान उघडे असल्याने पहिले दोन आठवडे मूळ किंमत आणि त्यानंतर दर आठवड्याला एक पायरी, असा हा उतार होता. २० डॉलरचा कोट तिसऱ्या आठवड्यात १५ ला, चौथ्यात १० ला आणि पाचव्यात ५ ला. नियम भिंतीवर लावलेला, तारीख चिठ्ठीवर, त्यामुळे भाव कधी उतरणार हे गिऱ्हाइकाला दुकानदाराइतकेच ठाऊक असे.

यात दुकानाचे नुकसान नाही का, असा प्रश्न कोणालाही पडेल. पाचव्या आठवड्यात पाव किमतीला मिळणार हे माहीत असताना पहिल्या आठवड्यात पूर्ण पैसे कोण मोजणार? उत्तर सोपे आहे: ज्याला ती वस्तू हातची जाऊ द्यायची नाही तो. तळघरातल्या बहुतेक वस्तू एकेकच, किंवा एका मापाची एकच. आज ठेवली तर पुढच्या सोमवारी ती असेलच याची खात्री नाही. थांबावे तर शेजारची बाई उचलणार, घ्यावे तर पुढच्या आठवड्याची सूट जाणार. दुकानदाराशी करायची घासाघीस इथे गिऱ्हाईक तारखेशी आणि अनोळखी शेजारणीशी करत होते. दुकानाला तोंडही उघडावे लागत नव्हते. प्रत्यक्षात माल बहुधा पहिल्या काही दिवसांतच उचलला जाई आणि धर्मादायाच्या वाट्याला फार थोडे उरे. नियमाला बगल देण्याची वाटही गिऱ्हाइकांनी शोधली होती. मनात भरलेला झगा पुरुषांच्या विजारींच्या ढिगात दडवून ठेवायचा आणि आठवड्याने येऊन नव्या भावाने न्यायचा!

या नियमाचा खरा लगाम मात्र गिऱ्हाइकाला नव्हता, दुकानाच्या खरेदी अधिकाऱ्याला होता. माल निवडताना चूक झाली हे कबूल करणे कोणालाही जड जाते. न खपणाऱ्या मालाबद्दल खरेदी करणारा नेहमी म्हणतो, थोडे थांबा, हवा बदलली की उठाव येईल. चिठ्ठीवरची तारीख त्याला थांबू देत नसे. कोणाची निवड किती चुकली हे महिन्याभरात उघड होई, आणि अडकलेला पैसा मोकळा होऊन नव्या मालात जाई. किंमत उतरवण्यातला मान-अपमान काढून टाकणे, हे फायलीन यांच्या कल्पनेतले सर्वांत मोठे शहाणपण म्हणावे लागेल.

तरीही सुरुवात सोपी नव्हती. पहिली अनेक वर्षे तळघर तोट्यात होते. नुसत्या वरच्या दुकानातल्या उरलेल्या मालावर ते चालेना. मग हंगाम संपताना कारखान्यांकडे शिल्लक राहिलेला माल, दिवाळे निघालेल्या दुकानांचा माल असे बाहेरचे गठ्ठे घेतले जाऊ लागले आणि गाडी रुळावर आली. जागेचीही मदत झाली. वॉशिंग्टन स्ट्रीटखालचा भुयारी रेल्वेमार्ग १९०८ च्या अखेरीस सुरू झाला होता. स्थानकातून थेट तळघरात शिरता येई, म्हणजे कामावरून घरी जाणाऱ्या हजारो लोकांच्या वाटेवरच ढीग मांडलेले. डॅनिएल बर्नहॅम यांनी आराखडा केलेली नवी इमारत १९१२ मध्ये उभी राहिली, तरी खालच्या टेबलांचा थाट साधाच राहिला. कपडे घालून पाहायला खोल्या नव्हत्या. बायका अंगावरच्या कपड्यांवरूनच झगा चढवून दोन टेबलांच्या मधल्या वाटेत उभ्या राहत. १९३० नंतरच्या मंदीत, वरचा धंदा आटला असताना, तळघरानेच दुकानाला आधार दिला.

फायलीन यांच्या चरित्रात हिंदुस्थानचा एक धागा आहे. तळघर सुरू होण्याच्या दोन वर्षे आधी, १९०७ मध्ये, ते जगप्रवासात बंगालमध्ये आले होते. हिंदुस्थानात १९०४ च्या कायद्याने सहकारी पतसंस्था सुरू झाल्या होत्या. बंगालमधील सहकारी संस्थांचे निबंधक डब्ल्यू. आर. गुर्ले यांच्यामुळे फायलीन यांना खेड्यातल्या अशा संस्थेचे कामकाज पाहायला मिळाले. सावकाराच्या दारात न जाता शेतकरी आपापसांत जामीन राहून कर्ज घेतात, हे पाहून ते भारावले. परतल्यावर त्यांनी मॅसॅच्युसेट्समध्ये अशा संस्थांचा पुरस्कार केला. त्या राज्याचा ‘क्रेडिट युनियन’ कायदा १९०९ मध्येच झाला आणि पुढे ही चळवळ अमेरिकाभर नेण्यासाठी त्यांनी मोठा पैसा खर्च केला. ज्या गिऱ्हाइकाला तळघरात स्वस्त कोट मिळत होता, त्यालाच अडीनडीला रास्त व्याजाचे कर्जही मिळावे, असे दोन्ही कामांमागचे एकच धोरण दिसते. ठरावीक भाव आणि रोख पैसे ही रीत मुंबईतही याच काळात दिसत होती. १८८२ मध्ये कलकत्त्यात निघालेल्या व्हाइटअवे लेडलॉ या कंपनीचे हॉर्नबी रोडवर, म्हणजे आजच्या दादाभाई नौरोजी मार्गावर, मोठे दुकान होते. उधारी अजिबात नसल्याने साहेब लोक तिला थट्टेने ‘राइट अवे अँड पेड फॉर’ म्हणत. पुढे त्याच इमारतीत खादी भांडार आले.

अमेरिकेतल्या दुकानांत सेलचा भार काउंटरमागच्या मुलींवर पडे. दिवसभर उभे राहणे, उसकटलेले ढीग पुन्हा लावणे आणि गिऱ्हाइकांची ओढाताण सोसणे हा बार्गेन डेचा नेम होता. दुकानांतल्या कामाच्या अशा स्थितीविरुद्ध १८९१ मध्ये न्यूयॉर्कमध्ये ‘कन्झ्युमर्स लीग’ निघाली आणि १८९९ मध्ये फ्लॉरेन्स केली यांच्या नेतृत्वाखाली ती देशव्यापी झाली. बसायला स्टुले, ठरावीक तास, किमान पगार अशा तिच्या मागण्या होत्या, आणि ही कलमे पाळणाऱ्या दुकानांची यादी ती गिऱ्हाइकांपुढे ठेवी. फायलीन यांच्या दुकानात कामगारांची स्वतःची संघटना होती आणि मालकाविरुद्धच्या तक्रारीही तिच्या लवाद मंडळापुढे जात. त्या काळी हे दुर्मीळ होते.

एडवर्ड फायलीन यांना भागीदारांनी १९२८ मध्ये कारभारातून बाजूला केले आणि १९३७ मध्ये ते वारले. तळघर मात्र त्यांच्या नियमावर चालत राहिले. पुढे बारा, अठरा, चोवीस हे दिवसांचे आकडे थोडे बदलले, तारखेची चिठ्ठी राहिली. १९४७ पासून तिथे नवरीच्या पोशाखांचा वार्षिक सेल भरू लागला. दार उघडताच धावत आत शिरणाऱ्या मुली काही क्षणांत सगळ्या खुंट्या रिकाम्या करत. घालून पाहायच्या खोल्या आल्या त्या १९९१ मध्ये. नंतरच्या काळात ‘फायलीन्स बेसमेंट’च्या शाखा इतर शहरांत निघाल्या, पण आपोआप किंमत उतरण्याचा नियम बोस्टनच्या मूळ तळघरापुरताच राहिला. २००७ मध्ये ती जागा बंद झाली तेव्हा तो नियमही थांबला, आणि २०११ च्या अखेरीस उरलेल्या शाखांनाही कुलूप लागले.